लाल वाईन फ्रिजमध्ये ठेवत नाहीत

बाबा, तुम्हाला बहरीनमधून परत का पाठवलं ते मला आज कळलं. मीही आता इथंच आहे, मनामातल्या एका हॉटेलात, तुम्ही कामाला होतात त्यात नव्हे. घरातली पहिली बी.कॉम. म्हणून स्टोअरच्या ऑफिसात नोकरी मिळाली, गुदैबिया भागात तिघींत एक खोली आहे. आज आम्हाला वाईनचं ट्रेनिंग होतं.

रजेवर आलात की तुम्ही चुलीपाशी बसून आईला वाईनच्या गोष्टी सांगायचात. गळ्यात तुळशीची माळ, आणि तोंडात सिसिली. "ते एक बेट आहे, आपल्यासारखंच उन्हाचं. तिथली लाल वाईन म्हणजे आडदांड गडी. तिच्यापुढं हमूर ठेवला तर मासा बिचारा दुसऱ्यांदा मरतो. तिला निखाऱ्यावरचं मटण हवं, मेंढीच्या दुधाचं जुनं चीज हवं, नाहीतर तेलात परतलेलं वांगं." आई हसायची. "स्वतः मटण खायचं नाही, दारू शिवायची नाही, आणि लग्नं जुळवायला मात्र पुढं!"

मग एका उन्हाळ्यात तुम्ही अचानक परत आलात. मोठ्या पार्टीची वाईन तुमच्या हातून खराब झाली, असं तुम्ही सांगितलंत. लाल वाईन थंडगार देत नाहीत, रूम टेम्परेचरला देतात, असं तुम्हाला शिकवलेलं. म्हणून आदल्या दिवशीच सगळ्या बाटल्या थंड स्टोअरमधून काढून तुम्ही किचनच्या फळीवर मांडल्यात. "शिकवलं तेच केलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायचात. काका ओटीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "दारूच्या कपाटाची किल्ली ज्याच्या हातात, त्याची माळ कोरडी राहील होय?" गावानं तेच धरलं. एका सकाळी तुम्ही माळ काढून देवाच्या खुंटीला लावलीत. पुढं तुम्ही वारलात तेव्हा आईनं ती पुन्हा तुमच्या गळ्यात घातली. काका तेव्हाही तोंड फिरवून उभे होते.

आज आमच्या गोवेकर सुपरवायझरनी सिसिलीचीच बाटली काढली, तीही फ्रिजमधून. मी न राहवून म्हटलं, "सर, रेड वाईन फ्रिजमध्ये?" ते हसले. "मॅडम, रूम टेम्परेचर मतलब कौनसा रूम? उधर का पत्थर का ठंडा मकान. बहरीन का किचन नहीं. इधर बाहर रखेगा तो सूप बनेगा, सूप!" सगळे हसले. मी वहीत लिहून घेत होते, आणि अक्षरं दिसत नव्हती.

एवढं एक वाक्य, बाबा. ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

ड्यूटी संपल्यावर मी तुमच्या हॉटेलावर गेले. जुन्या माणसांपैकी कुणी आहे का म्हणून विचारलं. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "ओल्ड स्टाफ? मफी." म्हणजे कुणी नाही. काका तर गेल्या वर्षीच वारले. आईला फोन केला. ती म्हणाली, "आता कुणाला सांगायचंय, बाय? जेवलीस का?" मला वाटायचं, मी शिकले की सगळं सरळ करीन. शिकून नुसतं कळतं. सरळ करायला कुणी उरलेलं नसतं.

पुढच्या सुट्टीत आईला वाचून दाखवावं म्हणून हे लिहायला बसले होते. पण आता दाखवणार नाही, कारण शेवटचं तिनं ऐकू नये. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एकेक घोट दिला, सोबत भाजलेल्या मटणाचा तुकडा आणि ते खारट चीज. मी घेतला. आधी जीभ आवळली, मग मटणाची चरबी आणि तो घोट एकमेकांत मिसळले, अगदी तुम्ही चुलीपाशी सांगायचात तसे. तुम्ही कधी थेंबही घेतला नाही, हे सिद्ध करायची माझी इतक्या वर्षांची धडपड. आणि त्या क्षणी वाटलं, काका म्हणत होते ते खरं असतं तर बरं झालं असतं. निदान एक घोट तरी.