सड्यावरची फक्की

शुक्रवार, ५ सप्टेंबर

ठरलं! अपूर्वाताईंचा ग्रुप आमच्या गावच्या सड्यावर येणार. पुढच्याच्या पुढच्या रविवारी. आणि दाखवणार कोण — मी!

ताई गिरगावात राहतात, बँकेत आहेत. सुट्टीच्या दिवशी लोकांना रानात, खाडीवर घेऊन जातात. हिवाळ्यात शिवडीला त्यांच्याबरोबर फ्लेमिंगो बघायला गेलो होतो, तेव्हा मोबाइलमधले सड्याचे फोटो दाखवले. गावावरच्या उघड्या कातळपठारावरची तळी, तळ्यांच्या काठची पाणथळ, त्यातली इवली इवली फुलं. त्या बघतच राहिल्या. "हितेंद्र, हे सगळं तू शोधलंस?"

शोधलं कसलं? गणपतीला गावी गेलो की मी सड्यावरच असतो. पण तो शब्द ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

आता भीती. ग्रुपमध्ये डॉक्टर आहेत, एक निवृत्त प्राध्यापक आहेत. मी बारावीनंतर कॉलेज सोडलेला, हिंदमाताला साडीच्या दुकानात घड्या घालणारा. त्यांना मी काय सांगणार?

शनिवार, ६ सप्टेंबर

विसर्जन. आज लालबागमध्ये कोण झोपतंय! मीही जागाच. पण डोक्यात सडा.

मंगळवार, ९ सप्टेंबर

रजा मिळाली. पितृपक्षात साडी घ्यायला कोण येतंय? शेठ म्हणाले, "जा, पण नवरात्रात एक दिवस मागू नकोस."

बाबांना सांगितलं. बाबा गोदीतून निवृत्त झाल्यापासून खिडकीत बसून पेपर वाचतात. पेपर खाली न करताच म्हणाले, "सड्यावर काय बघूचा आसा? कातळ. लोकांका चाळे सुचतत."

"बाबा, तळी आहेत. फुलं आहेत."

"ल्हान असताना म्हशी घेऊन जावचो मी थंय. उन्हान पाय भाजत. आम्ही मुंबैक कित्याक इलो, सांग बघू? त्या कातळान पोट भरला असता तर इलो असतो?"

मी त्यांचा चहाचा कप उचलून आत गेलो.

खरी गोष्ट वेगळीच आहे. सडा सामाईक आहे, सातबाऱ्यावर गावातल्या सगळ्या घरांची नावं. बंगल्यांची स्कीम करणारी एक कंपनी तो मागतेय. तळी बुजवणार, सपाटी करणार. त्यांची अट एकच: सगळ्या घरांचा होकार हवा. एक घर जरी नाही म्हणालं तर ते दुसऱ्या गावात जाणार, त्यांना कोर्टकचेरी नको. घरांचे कर्ते बहुतेक मुंबईत, म्हणून सभा इथेच होणार, गावकऱ्यांच्या खोलीत, गावच्या मुंबई मंडळाची. अध्यक्ष शामराव. पितृपक्षात जमिनीचं बोलायचं नाही, म्हणून तारीख नवरात्रातली — २८.

आमचा हिस्सा बाबांच्या नावावर. बाप सभेत बसलेला असताना मुलाने तोंड उघडायचं नाही, ही मंडळाची रीत. म्हणजे आमच्या घराचा शब्द बाबांचा. आणि बाबांचा शब्द काय असणार ते पेपरामागून कळलंच.

शनिवार, १३ सप्टेंबर (गावी)

तळी काठोकाठ! गेंदाच्या फुलांची पांढरी बटणं सगळीकडे. सीतेची आसवं तर एवढी की कातळ निळा दिसतोय. मोठ्या तळ्यात कुमुदिनी फुलली आहे. आणि पाणथळीत दवबिंदू — किडे खाणारं झाड. बोटाच्या पेराएवढं, लाल, जमिनीला चिकटलेलं. दिसतच नाही. एक बूट पडला की संपलं.

म्हणून वाट आखली. पांढरी फक्की मुंबईहूनच आणली होती, कबड्डीच्या मंडळाकडून. तिथलं मैदान आखायचं काम माझंच असतं. सुतळी ताणली आणि मारली फक्की, फक्त कोरड्या कातळावर, झाडावर कण पडू दिला नाही. जिथे वळायचं तिथे भेगेत काठी रोवून दुकानातली लाल काठाची चिंधी बांधली. लोकांनी दोन रेघांमधून चालायचं, बस्स.

संपल्यावर उंचवट्यावर चढून पाहिलं. सरळ! एवढ्या ओबडधोबड कातळावर रेघ कुठे म्हणून वाकडी नाही. कोणीतरी बघायला हवं होतं.

रखमाकाकी, म्हणजे माझी चुलती, गावचं घर तीच सांभाळते. दिवसभर भातात होती, जेवली आणि आडवी झाली.

रविवार, १४ सप्टेंबर (गावी)

डोळे मिटतायत, अक्षर वाईट येतंय. पण आजच लिहायचं.

सकाळी उठलो तर घरात कोणी नाही. शेजारी नाही, वाडीत नाही. सड्याकडून आरडाओरडा. धावत वर गेलो. अख्खी वाडी सड्यावर! बायका पायांनी माझ्या रेघा पुसतायत. माझ्या काठ्यांची मोळी बांधलेली. पुढे काकी, पदर खोचलेला, हातात कोयता.

"हितू, मागे रव! कंपनीचे लोक रातच्याक मोजणी करून गेले. बावटे लावल्यानी मेल्यांनी!"

मला क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं. पांढरी रेघ, लाल बावटा — हल्ली इकडच्या सड्यांवर हे दिसलं की त्याचा एकच अर्थ होतो. एवढी साधी गोष्ट! सुतळी तीनदा ताणून बघणाऱ्या माझ्या डोक्यात ती आलीच नाही.

"काकी, ती फक्की माझी."

"काय?"

"मी मारली. पाहुण्यांसाठी. झाडांवर पाय पडू नये म्हणून."

मग काकी जी सुटली! "अरे मेल्या, सांगाक काय झाला होता तुका? घरात झोपलंस ना माझ्या? तोंड होता ना?" एक म्हातारा म्हणाला, "मारल्यान मात्र झ्याक हां. कंपनीवाल्यांका पण इतकी सरळ येवची नाय." सगळे हसले. काकी सोडून.

तेवढ्यात अपूर्वाताई आणि मंडळी आली. समोर कोयता बघून प्राध्यापक जागीच थांबले.

आता काय? रेघा पुसलेल्या, काठ्या उपटलेल्या. म्हटलं, माझ्या पावलावर पाऊल टाकून या. आणि चालायला लागलो. वाडी घरी जाईल असं वाटलं होतं. पण ती मागोमाग आली! बूटवाले पुढे, अनवाणी मागे.

बोललो. आधी अडखळत, मग कसं कुणास ठाऊक, बोलतच गेलो. तळ्यांत पाणी कसं साठतं, पाणथळीत माती किती कमी, म्हणून तिथली झाडं किड्यांवर कशी जगतात. दवबिंदू दाखवायला सगळ्यांना गुडघ्यावर बसवलं. एका पानाला बारीक किडा चिकटला होता, पान हळूहळू त्याच्यावर मिटत होतं. काकी कोयता बाजूला ठेवून इतकी वाकली की नाक पाण्याला लागायचं बाकी.

"म्हणजे ह्या झाड मासारी?"

"हो काकी."

"श्रावणात पण खाता?"

हशा पिकला. प्राध्यापकांना खोकलाच लागला. काकी मात्र उठली नाही. "जल्म गेलो हयसून येता-जाता," ती म्हणाली. "म्हशीक पाणी दाखवलंय, पण वाकून कधी बघूक नाय."

परतताना वाडीतली माणसं माझ्या पावलावर पाऊल टाकून चालत होती. सांगावं लागलं नाही. आपल्याच सड्यावर, जपून. मी मागे वळून पाहिलं आणि मला वाटलं, हे मी केलं. मी!

गुरुवार, १८ सप्टेंबर

शामराव नाक्यावर भेटले. "काय फक्कीवाले! गाव पेटवून आलास म्हणे." मी नुसता हसलो. म्हणजे बातमी मुंबईत पोचली.

बाबांनी विचारलं, "लोक कितीसे होते?" मी सांगितलं. अख्खी वाडी चालली हेही सांगितलं. "रखमा पण?" "काकी पण." बाबांनी पुन्हा पेपर उघडला. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

शेठच्या हातापाया पडून संध्याकाळी सुटलो. खोली खचाखच. मी दाराशी उभा.

शामरावांनी सुरुवातच माझ्यापासून केली. "कंपनीच्या आधी मोजणी करणारे आमचे इंजिनीअर तिथे उभे आहेत बघा." सगळे वळून हसले. कान तापले. उत्तर तयार होतं — पण बाबा समोर बसलेले. रीत म्हणजे रीत.

मग कोणीतरी काकीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. "शामरावानू, सडो दिलास तर आमच्या विहिरीक पाणी खयसून येतला? तुमी मुंबैत नळाचा पिणार, आमी काय पिवचा? आणि ता हितूचा मासारी झाड बघल्याशिवाय कोणी हो म्हणा नुको!" ह्या वेळी हसले ते माझ्यावर नाही.

शामरावांनी घरवार विचारलं. हो, हो, हो... मग एकजण म्हणाला, "थांबूया." मग आणखी एक. पण ठाम नाही कोणीच म्हणेना. नुसतं थांबूया. थांबणाऱ्याला शामराव उद्या वळवतील, हे सगळ्यांना माहीत.

"गुणाजी, तुझा हो धरू ना?"

बाबांनी चटईची सुटलेली काडी आत खोचली. "माका जरा येळ दी."

"तू? तू येळ मागतंस?" शामरावांचा आवाजच चढला. बाकीच्यांना त्यांनी असं विचारलं नव्हतं. बाबांनाच का, ते कळलं नाही.

दसऱ्याला पुन्हा सभा. येताना बाबा माझ्या पुढे चालत होते.

मंगळवार, ३० सप्टेंबर

दुकानातून आलो तर घरात एक अनोळखी माणूस. कंपनीचा. आईने त्याला न विचारता बिनसाखरेचा चहा दिला, म्हणजे हा आधीही येऊन गेलेला. तो बाबांना म्हणाला, "गुणाजीशेठ, मे महिन्यात आम्हाला सडा तुम्हीच फिरून दाखवलात. शामरावांना तयार तुम्हीच केलंत. आणि आता तुम्हीच?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेपरची घडी घातली, खुर्चीवरून उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"माझा उत्तर 'नाय', सांगलंय तुमका. आता काय ता ह्याच्याशी बोला. सड्याचा ह्यो बघता."

खुर्ची रिकामी होती. मी बसलो.