व्हर्लीन स्वतःच गायली

नॅशव्हिल, रविवार

प्रिय डेन्व्हरदादा,

खाणीतल्या धुळीचा तुझा खोकला कसा आहे? खरं सांग.

आपली धाकटी व्हर्लीन ठणठणीत आहे. पन्नास वर्षं कंट्री गाणी गायल्याबद्दल काल तिचा सत्कार होता, रेडिओवरून थेट, आणि आयोजकांचा टायवाला म्हणतो, "आजी, जुनी रेकॉर्ड लावतो, तुम्ही नुसते ओठ हलवा." शाळेत नन्सनी शिकवलेले सगळे सभ्य शब्द मी क्षणात विसरले!

व्हर्लीन मात्र शांतपणे फिडलवाल्याला म्हणाली, "एमेट, दोन पट्ट्या खाली घे रे. मी म्हातारी झालेय, मुकी नाही."

वरच्या सुरावर आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. सभागृह उभं राहिलं.

मंचावरून उतरली ती थेट माझ्याकडे आली. मला विचारते, "दादाला आवडलं असेल का गं?"

रेडिओ लावला होतास ना? तिला आजच फोन कर.

तुझी,
क्लॅरिस