आहेरातली होडी

२५ जानेवारी
साडी न्हाई, चोळीचा खण न्हाई. माझ्या पंच्याहत्तरीला विहीणबाईंनी कागद दिला. राहू गावावरनं कुशाबाई थाटात आली, पाकीट हातात ठेवलं आन् गोड हसली. आत भिगवणला होडीत बसून पक्षी बघायचं तिकीट. तिच्या साठीला मी इरकल नेसवलं होतं. नातू सार्थक म्हणला, आजी, आता वस्तू न्हाई देत, अनुभव देतात. आला अनुभव. कुशाबाईचा.

२६ जानेवारी
चष्मा लावून वाचलं. तिकीट दोघांचं, बावीस फेब्रुवारीचा रविवार. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. मग शेजारी कोणाला बसवू? टोमणाच हाय हा. सून पूनम म्हणली, आत्या, तुम्हाला सगळ्यातच टोमण्याचा वास येतो. येणारच. ती माहेरची बाजू घेणार.

२ फेब्रुवारी
ठरवलं, राग धरायचा न्हाई. मोठ्या मनानं विसरायचं.
दुपारी परत तिकीट काढून बघितलं. बगळे माझ्या उसात फुकट येतात.

८ फेब्रुवारी
कुशाबाईचा फोन. परत फोन. उचलला न्हाई. साडी का न्हाई दिली, त्याचं काहीतरी रडगाणं असंल. वाजू दे.

१० फेब्रुवारी
भाकरी थापताना डोकं चाललं. न आवडलेली साडी आपण पेटीत ठेवतो आन् दुसऱ्याच्या लग्नात फिरवतो. मग हे का फिरू नये? तळेगावला पुतण्या हौसरावच्या लेकीचं, मोनालीचं लग्न हाय. नवरा-बायको दोघं, तिकीट दोघांचं. देवानंच जुळवलं.

१५ फेब्रुवारी
दिलं. लोकांनी कुकर दिले, मिक्सर दिले. मी पाकीट देऊन म्हणलं, पोरी, वस्तूंचं दिवस गेलं, अनुभव घे. हौसराव म्हणला, म्हातारी लई पुढारलेली. कुशाबाईला कळायचं काय कारण? ती राहूला, ही पोरगी तळेगावला.

२२ फेब्रुवारी
सकाळी पूनमच्या मोबाईलवर फोटो आला. होडीत एका बाजूला मोनाली, एका बाजूला तिचा नवरा, मधी नारिंगी जाकिटात कुशाबाई. नवऱ्याचं तोंड पडलेलं. दुसरं माणूस म्हंजी कुशाबाई स्वतःच होती. उजाडल्यापासून काठावर माझी वाट बघत होती म्हणे. माझ्या जागी ही जोडी उतरली. नावाड्यानं माणुसकीनं तिला बसवून घेतलं. पूनम म्हणली, साडी पेटीत जाती, विहीणबाईंशी एकदा निवांत बोलावं, असं आईच्या मनात होतं. मलाबी तिनं आजच सांगितलं, मागं तुम्हाला फोन करत होती ते ह्याचसाठी.
मी तशीबी गेले नसते. पाण्यानं मला गरगरतं.
फोटो बोटांनी मोठा करून बघितला. पक्षी लांब हायत, नीट दिसत न्हाईत. कुशाबाईच्या मांडीवर भाकरीचा डबा. चांगला दोघींना पुरंल एवढा.

दुपारी
फोन वाजतोय. पूनमनं उचलायचा. आई तिची हाय, तिनंच बोलायचं. सांगायचं, मी देवळात गेलेय.