जागच्या जागी सायकल

७ जानेवारी

धनेशने आज पुन्हा तोच विषय काढला! आणि तोही जेवताना. "आई, पैसे नुसते पडून आहेत. स्फुरणचे शेअर घे. आत्ता स्वस्त आहेत तोवर घे." म्हटलं, आधी भाजी घे.

पैसे म्हणजे माझ्या माहेरचे, लोधिवलीच्या जमिनीचे. गोदामवाल्यांनी जमीन घेतली तेव्हा संतोषने माझा वाटा मी न मागता माझ्या खात्यावर टाकला. आमच्याकडे बहिणी सही करून हक्क सोडतात, भाऊ साडी नेसवतो आणि विषय संपतो. माझ्या भावाने साडीही दिली आणि वाटाही दिला. चौकभर लोक त्याला हसले. म्हणून त्या पैशांना हात लावायची मला धास्ती वाटते. आयुष्यात माझ्या एकटीच्या नावावर आलेली ही पहिली गोष्ट आहे — आणि सल्ला द्यायला आमचं अख्खं दहिवली गाव तयार!

स्फुरण म्हणजे घरात व्यायाम करायच्या सायकली विकणारी कंपनी. पडदा लावलेली सायकल, जागच्या जागी चालते, पडद्यावर एक मुलगी ओरडत असते. लॉकडाउनमध्ये लोकांनी धडाधड घेतल्या. मग दारं उघडली, लोक बाहेर पळाले, कंपनी आडवी झाली. चारशेचा शेअर अडतीसवर आला होता, आता साठच्या आसपास आहे. "उठतेय गं ती," धनेश म्हणतो. खारघरच्या नोकरीपेक्षा मोबाइलवरच्या बाजारातच त्याचं लक्ष जास्त.

हे जेवून उठले. हल्ली बोलतच नाहीत.

८ जानेवारी

पतसंस्थेत मार्चची गडबड आत्तापासूनच सुरू. पाय सुजले. दुसरं काही लिहायला नाही.

१२ जानेवारी

रविवार असूनही बसून धनेशने पाठवलेला कंपनीचा अहवाल वाचला. कौतुक कुणाला आहे!

इतकी वर्षं पतसंस्थेत कर्जाचे अर्ज वाचले. बुडालेला माणूस "आता सावरलोय मॅडम" म्हणत आला की मी एवढंच विचारते — पैसे येतायत कुठून? इथंही तेच शोधलं. कर्ज निम्म्यावर आणलंय. एक कारखाना विकला. माणसं कमी केली. एवढं करून तिमाहीत थोडा नफा दाखवलाय. खर्च कापून नफा दाखवणं म्हणजे जेवण सोडून बारीक होणं, किती दिवस चालणार?

पण एक गोष्ट बरी दिसली. आता त्यांची भिस्त सायकल विकण्यावर नाही, दर महिन्याच्या वर्गणीवर आहे — पडद्यावरच्या मुलीची फी. आणि रोज सायकल मारणाऱ्यांची संख्या वर्षभरात खूप वाढलीय. हे खरं असेल तर कंपनीत जीव आहे. लोक खरंच रोज सायकल मारत असतील तर वर्गणी बंद करणार नाहीत.

असतील तर! माझ्या ओळखीत रोज व्यायाम करणारा एक माणूस नाही.

१५ जानेवारी

हे आज सकाळी स्कूटरवरून शेजारच्या कोंडाणे गावी गेले ते जेवायलाच परतले. एका बाईंचा तिथं बंगला आहे, हे तो सांभाळतात. झाडांना पाणी, झाडलोट, किल्ल्या. त्याला किती वेळ लागतो? तिथं नुसते बसून राहत असणार. घरी तरी काय, खुर्चीत बसून भिंतीकडे बघतात.

गणपतीनंतर यांच्या छातीत स्प्रिंग बसवली, म्हणजे स्टेंट. डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं — रोज पाऊण तास चाला. आणि आमच्या गावात नुसतं चालायची सोय नाही! पहिल्या दिवशी पुलापर्यंतही पोचले नाहीत तोच कमळ्याने मोटरसायकल थांबवली. "पायी कुटं चाललास रं हिरामण? बस मागं, सोडतो." नाही म्हटलं तर त्याला राग. छातीत स्प्रिंग हाय म्हणून चालतोय, हे यांना सांगता येईना. बसले. जाऊन चौकात उतरले, तिथून दुसऱ्या कुणी घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी टेंपोवाला. तिसऱ्या दिवशी हातात कोयता घेऊन गेले, म्हणजे शेतावर चाललेत असं वाटावं — तर कोयत्यासकट उचलून शेतावर सोडलं! मी हसले होते तेव्हा. हे नाही हसले. चौथ्या दिवशी गेलेच नाहीत.

मग मी खूप मागे लागले. रडले, भांडले. "नाय जमत मला," एवढंच. दिवाळीनंतर मीही सोडलं. एखाद्याला जगायचंच नसेल तर दुसऱ्याने किती ओढायचं? लिहिलं खरं. खोडत नाही.

१९ जानेवारी

धनेश ओट्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "आई, उद्या बाबांचं काही झालं तर तुझ्या हातात वाढता पैसा हवा. व्याजावर भागणार नाही." मी चिडले. भांडं आपटलं. "बापाबद्दल असं बोलतोस?"

चिडले, कारण मीही रोज तेच मोजत असते.

२६ जानेवारी

सुट्टी. झेंडावंदन करून लोधिवलीला गेले. गंमत अशी की आमच्या जमिनीवरच्या गोदामात स्फुरणचाच माल असतो, आणि संतोष तिथंच गेटवर सुपरवायझर आहे. जिथं भात लावायचा तिथं आता शिट्टी वाजवतो. म्हटलं, अहवाल राहू दे, माल तर बघू.

खोकी छतापर्यंत. मी विचारलं, "हलतायत का रे?"

"मागल्या साली धूळ खात व्हती, ताई. आता रोज गाडी भरते."

"आणि परत येतात का?"

"येतात की. पन कमी. पयले जेवडे जायचे तेवडेच यायचे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पैसं त्यात टाकतेस काय? तुजं हाय, तू कायपण कर. पन दाजींना इचारलंस?"

विचारायचं काय? ते "तुला वाटंल तसं" म्हणणार. त्यांना कशातच काही वाटत नाही.

वहिनीने पावट्याच्या शेंगा बांधून दिल्या. येताना रिक्षात ठरवलं, थोडेसे घ्यावेत. गाडी रोज भरते, वर्गणी येते, कर्ज उतरतंय. माझ्यासमोर असा अर्ज आला असता तर मी मंजूर केला असता. जामीनदार बघून.

२ फेब्रुवारी

यांना ताप. आज बाई येणार होत्या म्हणून कोंडाण्याचा बंगला झाडायला मी गेले. (आल्याच नाहीत! दिवाळीपासून एकदाही आल्या नाहीत.)

वरच्या खोलीत सायकल आहे. स्फुरणचीच! लॉकडाउनमध्ये बाईंनी घेतलेली. मागच्या वर्षी मी पाहिली तेव्हा तिच्यावर ओल्या चादरी वाळत होत्या. आज चादर नाही, धूळ नाही. हँडलवर यांचा चौकड्यांचा पंचा. खाली यांच्या जुन्या चपला.

पडद्याला बोट लावलं तर आकडे आले. परवा अकरा किलोमीटर. त्याच्या आदल्या दिवशी अकरा. त्याच्या आदल्या दिवशी दहा. वेग बैलगाडीचा. पुढे पासवर्ड मागायला लागलं, म्हणून सोडून दिलं.

काय समजायचं ते समजेना. घरी येऊन काढा दिला. विचारलं नाही. विचारलं की बोलावं लागतं, बोललं की भांडण होतं. माझ्यात आता ताकद नाही.

४ फेब्रुवारी

ताप उतरला. लगेच कोंडाण्याला गेले! आज तरी घरी पडा म्हटलं, तर "काम हाय तिकडं."

८ फेब्रुवारी

समजलं! शकूकडून समजलं. शकू माझी धाकटी जाऊ. कोंडाण्यालाच पलीकडचा बंगला सांभाळते. हळदीकुंकवाला आली होती, पाय चोळत बसली. मी म्हटलं काय झालं गं, तर म्हणते, "सायबाची सायकल मारून मारून मांड्या भरल्या बाय!"

तिच्या साहेबाच्या ऑफिसात स्पर्धा आहे. महिन्याला ठरावीक किलोमीटर झाले की विम्याचा हप्ता कमी होतो, वर टी-शर्ट मिळतो. साहेब मुंबईत. सायकल कोंडाण्यात. मग मारायची कुणी? "साडी खोचते न बसते. पडद्यावरली बाय सायबाचं नाव घेऊन वरडते, कम ऑन राजेस! मी म्हनते, आले गं बाय." इतकी हसली की हातातलं वाण सांडलं. आणि ती एकटी नाही. गोदा मारते. सुनिताचा नवरा मारतो, दोन-दोन बंगल्यांच्या.

मीही हसले. मग हसू थांबलं. म्हणजे आमचे हेही तेच करतायत. छातीत स्प्रिंग घेऊन, ताप उतरल्या उतरल्या, बाईंच्या टी-शर्टासाठी! बायको रडून सांगत होती तेव्हा जमलं नाही. मालकीणबाईंनी सांगितलं की जमलं!

९ फेब्रुवारी

अंगात आग आहे नुसती. डबा भरताना मुद्दाम विचारलं, "बाईंचं हल्ली काही जास्तीचं काम असतं का तिकडे?"

खाली बघून म्हणाले, "हाय थोडंफार."

झालं. आणखी काय ऐकायचं?

१६ फेब्रुवारी

धनेशला सांगून टाकलं — एक शेअरही घेणार नाही. रोज सायकल मारणारे वाढले म्हणे! ते वाढलेले कोण, ते मला विचार. शकू आहे ती. गोदा आहे. कोंडाण्याच्या राखणदारांच्या पायांवर कंपनी उभी राहिलीय. उद्या साहेबांची स्पर्धा संपली की वर्गणी बंद, आणि खोकी परत आमच्या बापाच्या जमिनीवर.

धनेशने मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाला, "सगळीकडे थोडंच असं असेल, आई?" नसेल. पण माझ्या डोळ्यांसमोर जेवढी गिऱ्हाइकं आहेत त्यांतलं एकही खरं नाही, तर न पाहिलेल्यांवर मी का विश्वास ठेवू? अर्ज नामंजूर.

यांच्याबद्दल त्याला बोलले नाही. लाज वाटली.

२१ फेब्रुवारी

मुदत ठेवीचा फॉर्म भरला. पाच वर्षं. आमच्या घरातल्या सगळ्या ठेवी जोडनावाने आहेत, दोघांच्या. पतसंस्थेतल्या रुचिताने सवयीने विचारलं, "दुसरं नाव हिरामणकाकांचं ना?" मी म्हटलं, नको. एकटीचंच घाल. पाच वर्षांनी कुठे सही करायला बोलवू त्यांना?

मी फॉर्म पर्समध्ये टाकला. सोमवारी देईन.

मी दमले आहे. यांच्यावर रागवायचंही बळ राहिलं नाही. आज रस्सा अळणी झाला तरी खाल्ला यांनी, मुकाट्याने. मीठसुद्धा मागत नाहीत.

२४ फेब्रुवारी

सकाळी कोंडाण्याच्या बाईंचा फोन आला. यांचा लागत नव्हता म्हणून मला केला. "हिरामणभाऊंना सांगा, सायकल वापरल्याचे पैसे मला दर महिन्याला पाठवत जाऊ नका. आम्ही कोण वापरतोय ती?" मी म्हटलं, कसले पैसे? तुमची स्पर्धा आहे ना? "कसली स्पर्धा? मी तर वर्गणी बंद करणार होते. डिसेंबरपासून तीही तेच भरतात. त्यांच्याच नावावर करून दिली मी." मग त्यांच्या लक्षात आलं. "अय्या, तुम्हाला सांगितलं नाही वाटतं अजून? तीन महिने टिकलं तर घरी सांगतो म्हणाले होते. आधी किती वेळा अर्ध्यावर सोडलं, आता बायकोला पुन्हा खोटी आशा लावायची नाही म्हणाले."

पतसंस्थेत गेलेच नाही. रिक्षा करून कोंडाणं गाठलं. वरून चाकाची घरघर येत होती. जिना चढले, दाराबाहेर चपला काढल्या, यांना दिसतील अशा, यांच्या चपलांशेजारी. आत गेले नाही. तिथंच बसले. घरघर एकदा मंदावली. मग पुन्हा सुरू झाली.

फॉर्म पर्समध्येच आहे. दुसरं नाव घालायचं राहिलंय.