रोवण्याच्या रांगेत वच्छला

१२ जुलै १९५५

आज धानाच्या बांधीतल्या सगळ्या बायांपुढे माझं हसं झालं— आणि बरोबरच झालं!

वच्छलाला रात्री ताप होता, तरी ती धानाची रोपं लावायला, रोवण्याला गेली. आईनं गुळवेलीचा काढा गडव्यात भरून दिला. "सुनेच्याच हातात देजो." दिला असता! पण चिखलात ओळीनं वाकलेल्या बाया, प्रत्येकीवर तोंडापर्यंत आलेलं इरलं. माझी बायको कोणती? लग्नाला दोन महिने झाले. घर माणसांनी भरलेलं, तिचा पदर नाकापर्यंत. चेहरा मी अजून नीट पाहिलेला नाही. कुणाला सांगणार!

डावीकडून सुरुवात केली. एकेका इरल्याखाली वाकून बघायचं. पहिलीच निघाली शकुकाकू. "काऊन रे शालिकराम, बायको हरपली का?" सगळी रांग हसली. वच्छला अगदी शेवटची. उजवीकडून गेलो असतो तर—!

१३ जुलै

आज हुशारी केली. सकाळी घरूनच तिच्या मागोमाग गेलो आणि बांधाकडून ती तिसरी, हे लांबून हेरून ठेवलं. दुपारी थेट तिसरीपुढे गडवा धरला. घटाघटा पिऊन झाल्यावर इरलं वर झालं— मैनामावशी! "कडू हाये रे बापा!" बाया जेवून उठल्या आणि उलट्या बाजूनं उभ्या राहिल्या होत्या. वच्छला तिसरीच, पण पलीकडून! मोजायचं कोणत्या टोकापासून, एवढंही सातवी पास माणसाला सुचू नये?

१४ जुलै

धीर करून तिला विचारलं, "उद्या कितवी उभी राहशील?" बायकोशी पहिलं बोलणं— आणि ते हे!

"जिथी जागा भेटंल तिथी," म्हणाली आणि आत गेली. रागावली असेल. असल्याला दिली म्हणून रडतही असेल.

१६ जुलै

रांग पहिलीपासून शेवटपर्यंत पाहिली. नाही. शेवटून पहिलीपर्यंत पाहिली. नाही! आज कुणी हसलं नाही. शकुकाकू म्हणाली, "पऱ्हे आणाले नाल्यापार गेली. पानी चढलं बाबू, धाव!"

धावलो. पलीकडच्या काठावर ती रोपांची पेंडी उराशी धरून थरथरत बसलेली. "वच्छला!" ओरडलो आणि उडी टाकली. पोहता येत नाही, हे पाण्यात गेल्यावर आठवलं! मध्येच पाय सुटले. एका मुळीला लटकलो. तिनंच पदर फेकून मला ओढून घेतलं. वाचवायला कोण गेलं होतं, आणि वाचलं कोण!

पाणी उतरेपर्यंत दोघं कुडकुडत बसलो. तिच्या डोक्यावर पदर नव्हता. डाव्या भुवईवर तीळ आहे. अंग तव्यासारखं तापलेलं.  

१८ जुलै

सकाळी तिचा भाऊ इस्तारी कुरखेड्याहून बैलगाडी घेऊन आला. ताप ऐकून तिला माहेरी न्यायला. आईनं तिचं बोचकं बांधून दिलं. मी तोंड लपवून गोठ्यात.

ओसरीवरून तिचा आवाज आला, सगळ्यांदेखत, मोठ्यानं— "भाऊ, तू जा. मले इथीच राह्याचं हाये."