मधले दार काढणे

४ जानेवारी

आज तीन घरं पाहिली. दलालाची भाषा आता कळायला लागली आहे. ‘हवेशीर’ म्हणजे छपराला भोकं. ‘शांत परिसर’ म्हणजे शेजारी स्मशान. ‘किरकोळ डागडुजी’ म्हणजे पाडा आणि पुन्हा बांधा. चाळीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं, पण शब्दांना इतके अर्थ असतात हे मलाही माहीत नव्हतं.

सोबत वन्सं होत्या. आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झाल्या. हे गेल्यावर आमच्या दोघींचं एकाच गोष्टीवर एकमत झालं — एकटीला घर परवडत नाही. म्हणून घर एक, चुली दोन, मध्ये भिंत. माझी अट एवढीच की भिंत सबंध हवी. माहेरी सहा बहिणींत झोपले, सासरी नऊ माणसांत, नंतर मुलगा-सून-नातवंडांत. आपल्या घराला आतून आपली कडी लावून झोपणं कसं असतं ते मरायच्या आत बघायचं आहे.

वन्सं म्हणाल्या, “बरं.” वाद न घालता. तब्येत बरी नसावी.

१९ जानेवारी

वन्सं घर बघतच नाहीत. आत शिरल्या की बोटांनी भिंतीवर टकटक करतात आणि पायऱ्या मोजतात. “पाच,” असं मोठ्याने जाहीर करतात. मी म्हटलं, “ओल बघा, तडे बघा.”

“ते तू बघ. चुका काढणं तुझं खातं.”

पण एका ठिकाणी टकटक करून म्हणाल्या, “ही पोकळ आहे.” दलालाचा चेहरा पडला. खरंच पोकळ होती. तीस वर्षं कान विकून खाल्ले, उगाच नाही.

२ फेब्रुवारी

घेतलं! बैठं घर, वय सत्तर. माझ्याहून जरासं थोरलं आणि गुडघ्यांनी तेवढंच कामातून गेलेलं. बरोब्बर मधोमध जाड भिंत, भिंतीत जाड दार, खाली हा एवढा उंच उंबरठा. म्हातारा मालक म्हणाला, “आम्ही दोघं भाऊ राहायचो. भांडलो की मधलं दार लावायचो, मिटलं की उघडायचो.” बिजागऱ्या अगदी झिजल्या आहेत.

१० फेब्रुवारी

गवंड्याने खर्चाचा अंदाज लिहून दिला. तीन पानं. ‘दुरुस्ती’ हा शब्द चार प्रकारे लिहिला होता, चारही चूक. लाल शाईने सुधारून परत दिला.

“बाई, अक्षरं सुधारलीत, आकडा तसाच राहिला,” म्हणाला.

आकडा घराच्या किमतीच्या निम्मा आहे. मी आवाज चढवला. त्याने खिडकीच्या चौकटीत स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. वाळवी. आकड्याखाली सही केली.

वन्संनी अंदाज हातातही घेतला नाही. “तूच वाच.” मग म्हणाल्या, “माझ्या बाजूला दिवे कमी कर. एक पुरे.” चिक्कूपणालाही काही सीमा असते.

१२ फेब्रुवारी

कामाची यादी स्वच्छ अक्षरात लिहून गवंड्याला दिली. नऊ कलमं. एकही जास्तीचा शब्द नाही. कलम चौथे: मधले दार काढणे.

२८ फेब्रुवारी

पंधरा दिवसांनी काम बघायला गेले. छप्पर झालं, बाथरूम झालं. मधलं दार नाही. दाराच्या जागी भोक. चौकट तशीच, उंबरठा तसाच, पलीकडे वन्संची अख्खी खोली.

“हे काय?”

“दार काढा म्हणालात. काढलं.”

“अहो, काढून भिंत भरायची!”

“तसं लिहिलं नव्हतं. परवा एकांनी ‘भिंतीत दार काढा’ म्हणून सांगितलं, तिथे भिंत फोडून नवं बसवून दिलं. शब्द तोच. माणूस बघून अर्थ लावावा लागतो.”

“मग मला बघून विचारायचं होतंत.”

“तुम्हाला बघूनच तर विचारलं नाही.”

वन्सं पदर तोंडाला लावून हसत होत्या. जन्मभर पोरांच्या वाक्यांचे कान उपटले, आणि माझ्याच तीन शब्दांनी माझं नाक कापलं.

गवंड्याने दुसरीकडे काम धरलं आहे. भिंत भरायला एप्रिलमध्ये येईन म्हणतो.

१५ मार्च

राहायला आलो. भोकावर चादर टांगली. उपयोग शून्य. त्यांचा रेडिओ माझ्या उशाशी वाजतो.

आणि पलीकडून, “वहिनी, तुझा नळ गळतोय.”

“माहीत आहे.”

“वॉशर गेलाय.”

“माहीत आहे म्हटलं ना!”

माहीत नव्हतं.

इकडे येताना त्या उंबरठ्याशी पाय असा उचलतात, जणू परेडला निघाल्यात. तरी ठेच लागतेच. आज चादरीला धरून तोल सावरला. चादर फाटली.

२२ मार्च

भर दुपार. चादर शिवायला काढली होती. रेडिओच्या आवाजावरून बोलायचं म्हणून मधल्या भोकात जाऊन उभी राहिले. वन्सं समोर खुर्चीत, चार पावलांवर, तोंड माझ्याकडे. सरळ माझ्याकडे बघितलं.

“कोण? गवंडी का?”

 त्यांनी मान जराशी वळवली, तिरकं बघितलं. हात टेबलाची कड शोधू लागला. “वहिनी?”

पायऱ्या. टकटक. ‘तूच वाच.’ एक दिवा पुरे. मी बाई मूर्खांची राणी.

“केव्हापासून?”

“दोन वर्षं झाली. कडेकडेचं दिसतं अजून. मधलं गेलं.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर माझ्याबरोबर घर घेतलं असतंस?”

“नाही.”

“मग.”

इकडे निघून आले. रागाने धाडकन आपटायला दारसुद्धा नाही.

२३ मार्च

अबोला.

२५ मार्च

मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “फसवलं आत्याने तुला. भिंत घालून मोकळी हो. नाहीतर सरळ विकून टाक. तू काय आता तिची नर्स होणार?” सगळं खरं. तरी फोन मीच आधी ठेवला.

संध्याकाळी पलीकडून, “वहिनी, कढईखालचा गॅस.” दूध उतू चाललं होतं. कढई नव्हती, पातेलं होतं. ते मात्र सुधारून सांगितलं. तीन दिवसांतलं पहिलं बोलणं.

३ एप्रिल

गवंडी उद्या विटा घेऊन येतो आहे. वन्सं म्हणाल्या, “घाल हो भिंत. मी कबूल केलं होतं.” बाईचा आवाज अगदी एक्सचेंजमधला — लाईन जोडून देते, आपण मध्ये बोलत नाही.

४ एप्रिल

गवंडी आला. विटा परत पाठवल्या. यादीत दहावं कलम वाढवलं आणि त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं: ‘मधल्या भिंतीतल्या दाराचा उंबरठा खणून काढून टाकणे व दोन्हीकडची जमीन एका पातळीत आणणे, जेणेकरून कोणाचाही पाय अडखळणार नाही.’

दुसरा अर्थ निघत नाही. तीनदा तपासलं.