चौकाची कड

ता. ५ जानेवारी
आजपासून मी शाळेत मास्तरीण! हसावं का रडावं. चौथी शिकलेली बाई, ती पोरांना चित्रं शिकवणार.
आश्रमशाळेच्या धनश्री मॅडम घरी आल्या होत्या. "भीमाबाईंच्या चित्रांवरून मुलांकडून चित्रं करून घ्यायचीत. नगरला प्रदर्शन आहे." भीमाबाई म्हणजे माझी सासू. आत्याबाईंनी कागदावर काढलेले लग्नाचे चौक पार पुण्यापर्यंत गेलेत. पण दिवाळीत अर्धांग झालं, उजवा हात मेला, तेव्हापासून खाटेवर. तर मॅडम मलाच म्हणतात, "तुम्ही आहात की! पंचवीस वर्षं शेजारी बसलात."
बसले होते — पांढऱ्या रंगाचे तांदूळ वाटायला! काडी एकदा हातात दिली नाही म्हातारीने. "तुझ्या हाताला वळण न्हाई." आता सगळ्यांना मीच वारस.
मला भिंगारला लेकीकडं जायचंय. अश्विनीचे दिवस भरत आलेत. पहिलं बाळंतपण इथं झालं. आता घरात म्हातारीची खाट, तिला कुठं ठेवू? म्हणून मीच येते म्हणाले होते पोरीला.

ता. ६
दीर सहादेव म्हणतो, "वहिनी, एवढा वर्ग होऊ द्या. मग बघू." मग बघू! राहतो भिंतीपलीकडं. मालक गेल्यापासून त्याच्या आईचं सगळं माझ्याच गळ्यात. त्याच्या बायकोची, सत्यशीलाची, कंबर धरते. बाजाराच्या दिवशी बरी धरत नाही!

ता. ८
पोरांना गेरू लावलेले कागद दिले. पांढरा रंग, बांबूची काडी. समोर आत्याबाईंच्या कागदावरच्या चौकाचा फोटो टांगला. मधी नवरी, भोवती नक्षीची चौकट, बाहेर डोंगर, झाडं, नाचणारी माणसं.
एक विचारतो, "मावशी, डोंगर केवढा काढू?"
"खिडकीतनं दिसतो तेवढा! डोळे हायेत ना?"
एका पोरीने नवरीला चष्मा काढला. म्हटलं हे काय गं? तर म्हणे, "आपल्या मॅडम हायेत. त्यांचं लगीन व्हायचंय." मॅडम लाजून बाहेर पळाल्या. पोरं फिदीफिदी. मीही हसले. लई दिवसांनी.

ता. ९
अश्विनीचा फोन. "आई, पाय लई सुजलेत. कधी येतेस?"
रविवारी, म्हटलं. नक्की.

ता. १०
झालं एकदाचं! सगळे कागद पुरे झाले. फोटोत चौकटीची खालची कड एका जागी तुटकी दिसते. पोरं विचारायला लागली, इथं असंच ठेवायचं का? मला वाटलं रंग उडाला असेल. "भरून टाका पटकन." भरलं सगळ्यांनी.
घरी येऊन पिशवी काढली. दोन लुगडी, डिंकाचे लाडू, बाळाची टोपडी. उद्या निघते.

ता. ११
निघाले नाही.
सकाळीच मॅडम कौतुकाने कागद घेऊन आल्या आत्याबाईंना दाखवायला. म्हातारीने पहिला बघितला, दुसरा बघितला, आणि डाव्या हाताने पेला भिरकावला. चहा सगळा कागदावर.
"कड कुनी भरली?"
"मी सांगितली भरायला."
"आगं भवाने! कुनाच्या लेकी कोंडल्यास?"
मग जीभ जड असून बोलत राहिली. आमच्या घरात चौकट फक्त लग्नघरच्या भिंतीवर पुरी करायची. नवरी त्या घरात राहावी म्हणून. कागदावरच्या नवरीला घर नाही, तिला वाट ठेवायची. पंचवीस वर्षं वाटी धरली, एकदा तरी सांगावं ना! म्हणे, "इचारलंस कधी?"
हेही खरं.
"असा एक बी कागद माझ्या नावावर जाऊ द्यायचा न्हाई," म्हणाली. मॅडम रडवेल्या. "काकू, दोनच दिवस थांबा." सहादेव दारात उभा राहून म्हणतो, "थांबतील की. त्यांनीच केलंय ना?"

ता. १२
भरलेल्या कडेवर गेरूचा एक हात लावला, खालनं पांढरं दिसतं. दुसरा लावला, तरी दिसतं. थंडीने वाळत नाही. आत्याबाईंना एकेक कागद नेऊन दाखवायचा. "आजून दिसतंय." परत. "आजून." जीव घेते ही बाई!

ता. १३
अश्विनीला दवाखान्यात ठेवलं. बीपी वाढलंय. आणि मी इथं गेरू लावतेय.

ता. १४, संक्रांत
कागद गेले नगरला. सगळ्यांच्या कडा मोकळ्या.
सहादेवला म्हटलं, आता मी निघते. "सणासुदीचं म्हातारीला टाकून?" टाकून! सत्यशीला तिळगूळ देऊन गेली, कंबरेवर हात ठेवून.
संध्याकाळी आत्याबाईंना पेज भरवत होते. खाटेच्या बाजूला भिंतीवर माझ्या लग्नाचा चौक आहे. दर दिवाळीला सारवण त्याला सोडून करायचं आणि म्हातारीने तो परत गिरवायचा. मालक गेले तरी गिरवायची. आजवर नीट बघितलाच नव्हता.
"माझी कड भरलीय?"
"भरलीय. मीच."
"दरसाल?"
"दरसाल. नीट."
"म्हणूनच मेले मी इथं," म्हटलं. वाटी आपटली. पेज सांडली तिच्या अंगावर. पुसली मीच. ती भिंतीकडं तोंड करून पडली.

ता. १५
पहाटे चूल पेटवायला उठले. उजेड झाला तेव्हा दिसलं — माझ्या चौकाची खालची कड गेलीय. तळहाताएवढी. खाली गोधडीवर मातीचा भुगा. थुंकी लावलावून खरवडलंय.
आत्याबाई डोळे मिटून. झोपलेली नव्हती, झोपेत घोरते ती. डाव्या हाताच्या नखांत पांढरं.
पाणी गरम केलं, नखं धुतली तिची. हात ओढून घेतला नाही.
सत्यशीलाला दार वाजवून उठवलं. सातच्या गाडीने चालले.